रुथीचं दृढीकरण

देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केलं, हे मी इतक्या लहानपणी शिकले की त्याबद्दल कधी शंका येऊ शकते, हेच मला ठाऊक नव्हतं. नगरला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूलच्या बाई फळ्यावर एका बाजूला गाय काढायच्या आणि दुसऱ्या बाजूला माणूस. माणसात असं काय आहे जे गायीत नाही? आम्ही पोरं एका सुरात ओरडायचो, बुद्धी, वाचा, विवेक! बाई खूश व्हायच्या, आम्हाला एकेक लिमलेटची गोळी मिळायची आणि देवाची प्रतिमा हा विषय तिथेच संपायचा. पुढे मी स्वतः संडे स्कूल घ्यायला लागले तेव्हा मीही गायच काढली. माझी गाय जरा कुत्र्याच्या वळणावर जायची, पण उत्तर तेच होतं. मग लग्न झालं, हवाई दलातल्या नवऱ्याबरोबर गावोगाव फिरणं आलं आणि माझ्या पदरात रुथी आली.

रुथी जन्मली तेव्हा डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम हे नाव उच्चारलं. आम्ही तिचं नाव रूथ ठेवलं. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिच्या वतीने धर्ममातापित्यांनी उत्तरं दिली, जशी सगळ्याच तान्ह्या बाळांच्या वतीने देतात. मोठं झाल्यावर त्याच वचनांना स्वतःच्या तोंडाने होकार द्यायचा, बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि तिथून पुढे प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायचा. याला आमच्यात दृढीकरण म्हणतात. रुथी अठराची झाली तरी तिचं दृढीकरण झालेलं नव्हतं. दर बदलीच्या गावी कुठला ना कुठला पाळक गोड हसून म्हणायचा, बघू पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी आम्ही दुसऱ्या गावी.

आता तिला सगळं कळत नव्हतं असं कुणी म्हणेल. पण एक गोष्ट तिला पक्की कळत होती. वेदीपुढच्या कठड्याशी सगळे गुडघे टेकतात, सगळ्यांना काहीतरी मिळतं आणि आपल्याला मिळत नाही. दर रविवारी ती माझ्या शेजारी गुडघे टेकायची, मान वर करून तोंड उघडायची आणि पाळक तिच्या डोक्यावर थोपटून पुढे जायचे. घरी येऊन ती विचारायची, "मेरा कहां है?" मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच देते, उत्तरेत वाढलेल्या पोरांसारखं. कधी मी तिला पोळीचा तुकडा द्यायचे. तो ती ताटात परत ठेवायची.

चंदीगडला आमचं चौथं वर्ष चाललं होतं. शहराबाहेर खरड गावात भाड्याचा फ्लॅट होता, रविवारी गाडी काढून शहरातल्या चर्चला जायचं. नव्या वर्षात बदली नक्की होती, आणि ऐकिवात होतं ते हवाई दलाचं ठाणं असं, की जवळपास मंडळीच नाही. नाताळच्या आधी बिशपसाहेब येणार आणि दृढीकरण करणार असं उपासनेत जाहीर झालं, त्याच दिवशी मी ठरवलं. या वेळी रुथी त्या रांगेत उभी राहणार म्हणजे राहणार. हट्टीपणाबद्दल माहेरी माझी ख्याती आहे. माझी मोठी बहीण म्हणते की मी दारातून जायचं ठरवलं तर भिंतीनेच बाजूला व्हावं.

इथले पाळक, ज्यांना सगळे पादरीसाहेब म्हणतात, मूळचे पंजाबी. शांत, अगत्याने बोलणारे, पण नियमाला धरून चालणारे. दृढीकरणाचा वर्ग ते शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये घ्यायचे. मी रुथीला घेऊन मागच्या खुर्चीवर बसले. पहिलाच धडा माणसाच्या निर्मितीचा. पादरीसाहेबांनी मुलांना विचारलं, हम परमेश्वर के स्वरूप में हैं, यानी क्या? आणि मग स्वतःच बोर्डवर लिहिलं, बुद्धि, वाणी, विवेक. गाय तेवढी नव्हती. लहानपणापासून तोंडपाठ असलेले ते तीन शब्द मी वाचले आणि शेजारी बसलेल्या माझ्या लेकीकडे पाहिलं. ती खुर्चीच्या हातावर बोटं नाचवत होती. आणि मला वाटू नये ते वाटलं. हे तीन शब्द खरे असतील तर माझ्या रुथीत देवाची प्रतिमा किती आहे? अर्धी? पाव? की तिच्या वाट्याला ती आलीच नाही? मी उठून बाहेर आले, नळाखाली तोंड धुतलं आणि परत जाऊन बसले. त्या दिवसापासून मला प्रार्थना करताना अडखळायला व्हायला लागलं. देवाला काय म्हणायचं, हेच कळेना.

पण हट्ट काही सुटला नाही. उलट तो चढला. पादरीसाहेब मला म्हणाले होते, "बहनजी, बस इतना है कि समझना जरूरी है. मैं उससे दो-तीन सवाल पूछूंगा." मग मी तिची तयारी करून घ्यायला लागले. सकाळी डबा झाला की खुर्ची समोर ओढायची आणि सुरू. "तुम्हें किसने बनाया?" "परमेश्वर ने." "किसके जैसा बनाया?" "अपने जैसा." "तुम्हारे लिए कौन मरा?" "यीशु." एकेका उत्तराला टाळी. शेवटी एक बिस्किट. काही दिवसांत रुथी इतकी तयार झाली की मी तोंड उघडायच्या आत ती तिन्ही उत्तरं ओळीने देऊन बिस्किटासाठी हात पुढे करायची. मला वाटलं, जिंकलं.

मुलाखतीच्या दिवशी तिला नवा स्वेटर घातला, वेणी घातली. पादरीसाहेब खुर्ची पुढे ओढून तिच्यासमोर बसले आणि तिची भीड चेपावी म्हणून प्रेमाने म्हणाले, "बेटा, आपका नाम क्या है?" नाव मी कधी विचारलंच नव्हतं. नाव कोण विचारतं आपल्या पोरीला? रुथीने ताठ बसून उत्तर दिलं, "परमेश्वर ने." पादरीसाहेब थबकले. मग म्हणाले, "अच्छा, आज किसके साथ आई हो?" रुथी म्हणाली, "अपने जैसा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. "ठंड तो नहीं लग रही?" "यीशु," रुथी म्हणाली आणि हात पुढे केला.

आज हे आठवलं की मला हसू आवरत नाही. त्या दिवशी मात्र कानशिलं तापली होती. पादरीसाहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. टेबलावरच्या डब्यातलं बिस्किट त्यांनी तिला दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की हे पाठांतर आहे, समज नाही, आणि समजेशिवाय वचन कसं घ्यायचं? चर्चच्या कमिटीसमोर मी काय सांगू? अगले साल देखते हैं. मी त्यांना म्हणाले, "अगले साल हम यहां होंगे ही नहीं." परत येताना प्रत्येक चौकातल्या गोल बागेला वळसा घालताना माझे हे एकच म्हणत होते, "जाऊ दे ना. तिचं काय अडलंय?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. अडलं होतं ते माझ्या आत. पादरीसाहेब बरोबर असतील, तर तो बोर्डही बरोबर होता.

मी आणखी कंबर कसली. आता प्रश्न उलटसुलट विचारायला लागले, मध्येच नाव, मध्येच गाव, मध्येच यीशु. रुथी गोंधळून जायची. चुकली की मी पुन्हा पहिल्यापासून. मग असं व्हायला लागलं की मी खुर्चीला हात लावला की ती उठून वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन उभी राहायची. यांनी एकदा आवाज चढवून सांगितलं, "बास कर गं आता. पोर घाबरते तुला." मी म्हटलं, "नाही करणार बास." अंगात कसकस होती, डोळ्यांमागे ठणकत होतं, पण तापाची गोळी घेऊन मी खुर्ची ओढायचेच. पावसाळ्यानंतर इथे डेंग्यूची साथ असते, आमच्याच इमारतीत दोघे आजारी होते. मला काय होतंय, असा माझा तोरा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाली बसले, ती पुन्हा उठलेच नाही.

पुढचं बरंचसं मला आठवत नाही. जे सांगते आहे ते यांनी नंतर तुकड्या-तुकड्याने सांगितलेलं. लष्करी हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा प्लेटलेट फार खाली गेले होते आणि शरीरातलं मीठ उतरल्यामुळे मी भ्रमात होते. डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून विचारलं, "आपका नाम?" मी काहीच बोलले नाही. "कौन सा शहर है ये?" मी म्हणाले, नगर. मग त्यांनी रुथीला पुढे करून विचारलं, "ये कौन है?" आणि मी, जिने अठरा वर्षं त्या पोरीच्या श्वासावर कान ठेवला, मी तिच्याकडे बघून मान फिरवली. हे म्हणाले, तेवढ्यात रुथीने डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि माझ्या वतीने सगळी उत्तरं देऊन टाकली. माझ्याकडे बोट दाखवून, "आई." स्वतःच्या छातीवर हात ठेवून, "मैं."

यांना रक्तासाठी धावपळ करायची होती. युनिटमधली मुलं प्लेटलेट द्यायला येणार होती, त्यांना आणायचं, कागद करायचे. रुथीला कुठे ठेवणार? घरी एकटी राहत नाही ती. वॉर्डात पेशंटजवळ एकच माणूस थांबू शकतं आणि तेही शहाणं. हे दारात तसेच उभे होते. तेव्हा शेजारच्या खाटेजवळून एक म्हाताऱ्या सरदारनी उठल्या. पिंजोरच्या, माजी सुभेदाराच्या पत्नी, सुनेबरोबर आल्या होत्या. आमची ना ओळख, ना पाळख. त्यांनी रुथीचा हात धरला आणि सिस्टरला सांगितलं, "ऐ मेरे नाल है." ही माझ्याबरोबर आहे. बस, एवढंच. मग यांना म्हणाल्या, "तू जा, पुत्तर." हे सांगतात की जिना उतरताना त्यांचे पाय पहिल्यांदा स्थिर पडले.

त्या बीजींनी, इकडे आजीला बीजी म्हणतात, रुथीला एकही प्रश्न विचारला नाही. ओला रुमाल हातात दिला आणि माझं कपाळ दाखवलं. रुथीचं हेच तर आहे. एक काम दिलं की ती ते सोडत नाही. तिने माझं कपाळ पुसलं, रुमाल पुन्हा भिजवला, पुन्हा पुसलं. बीजी पंजाबीत बोलायच्या, रुथी हिंदीत, आणि माझ्याशी बोलायची वेळ आली की रुथी म्हणे मराठीत बोलायची. आयुष्यात पहिल्यांदा. "आई, पाणी घे. आई, झोप." मी शुद्धीवर आले तेव्हा पहिला आवाज तोच ऐकला आणि मला वाटलं माझी आईच उशाशी आहे, जी कधीच प्रभूकडे गेली. डोळे उघडले तर रुथी. मी बीजींना ओशाळून विचारलं, "बच्ची ने बहुत तंग किया होगा?" बीजींनी हात उडवला. "तंग? मैं थक के सौं गई सी, ऐ नहीं सुत्ती." त्या दमून झोपल्या, ही झोपली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेला घरी सोडलं. जाताना त्यांनी रुथीच्या तोंडावरून हात फिरवला, माझ्या उशाशी दोन सफरचंदं ठेवली आणि गेल्या. नाव विचारायचं राहिलं.

घरी आल्यावर बरेच दिवस अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. खुर्ची होती तिथेच भिंतीला लागून होती. एका दुपारी यांनी पेज भरवता भरवता सांगितलं, "तुला माहीत नाही, पादरीसाहेब आले होते वॉर्डात. तुला प्रभुभोजन देऊन गेले." आमच्यात आजाऱ्याला असं खाटेवर प्रभुभोजन देतात. मी विचारलं, "मी काय म्हणाले?" "काही नाही. तू कुठे शुद्धीत होतीस? मी म्हटलंही त्यांना, ही काही उत्तर देणार नाही. ते म्हणाले, बीमार से कौन जवाब मांगता है, भाईसाहब. भाकरीचा कण द्राक्षारसात बुडवून तुझ्या ओठांना लावला." हे चमचा वाटीत फिरवत राहिले. मग म्हणाले, "रुथी शेजारीच उभी होती. तिनेही तोंड उघडलं." पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

मी रडले, पण ते आजारपणातलं रडणं नव्हतं. त्या दुपारी माझ्या आत काहीतरी सरळ झालं. ज्या तीन शब्दांनी मला छळलं होतं, ते घेऊन मी पडल्या पडल्या स्वतःलाच तपासलं. त्या दिवसांत माझ्यात बुद्धी होती? शहराचं नाव येत नव्हतं. वाचा? बरळत होते. विवेक? पोटच्या पोरीकडे पाठ फिरवली. बाईंच्या फळ्याप्रमाणे मी त्या दिवशी गायीच्या बाजूला जायला हवं होतं. तरी कुणी मला तिकडे ढकललं नाही. रक्त देणाऱ्यांनी नाही, बीजींनी नाही, पादरीसाहेबांनी नाही आणि प्रभूने तर नाहीच. मी काहीच नव्हते तेव्हाही मी त्याचीच होते. आणि मग मला प्रभू येशू आठवला, ज्याला आम्ही अदृश्य देवाचं हुबेहूब प्रतिरूप म्हणतो. तोही एकदा रोमी सुभेदार पिलातापुढे उभा होता. त्यालाही प्रश्न विचारले गेले आणि त्याने उत्तर दिलं नाही. मार खाऊन त्याचा चेहरा माणसाचा वाटेनासा झाला होता. आपण देवाची प्रतिमा शोधायला जातो हुशारीत आणि बोलण्यात, आणि ती पूर्णपणे जिथे दिसली ते हे असं ठिकाण. ही गोष्ट मी जन्मभर दर गुड फ्रायडेला ऐकत आले होते. माझ्या लेकीशी तिचा काही संबंध आहे हे मला ताप आल्याशिवाय कळलं नाही.

पायांत जरा बळ आल्यावर मी पादरीसाहेबांकडे गेले. थंडी पडली होती, बाहेर धुकं होतं. त्यांच्या छोट्या खोलीत हीटर लावलेला. भांडायला गेले नव्हते, पण हात हलवत परत यायलाही गेले नव्हते. आधी वॉर्डात आल्याबद्दल आभार मानले. मग विचारलं, "पादरीसाहब, उस दिन आपने मुझे क्यों दिया? मैंने तो एक शब्द नहीं कहा था."

ते म्हणाले, "आप बीमार थीं, बहनजी. जब कोई खुद नहीं बोल सकता, तब पूरी मंडली उसकी जगह विश्वास करती है."

"तो फिर रुथी की जगह भी कर लीजिए," मी म्हणाले.

त्यांनी थर्मासमधून चहा ओतला, माझ्यापुढे सरकवला, स्वतःचा कप हातात तसाच धरून बसले. मग हळू आवाजात म्हणाले की त्या दिवशी त्यांनी ताटलीवर झाकण ठेवलं, बॅग भरली, वॉर्डाच्या दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं, तर बच्ची अजून तोंड उघडं ठेवून उभी होती. तेव्हापासून मला फोन करायचं त्यांच्या मनात होतं. धीर झाला नव्हता. "मैं खुद उसको पढा रहा था कि स्वरूप क्या है," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग सरळ बसले. "बिशपसाहब से मैं बात करूंगा. कमिटी से भी. नहीं माने तो फिर करूंगा. लेकिन आप मेरा एक काम कीजिए. अब उसे कुछ मत सिखाइए."

लोकांना वाटेल, हे तर सोपं. मला विचारा. काही करायचं असतं तेव्हा मी डोंगरही खोदेन, पण काही करायचं नाही हे मला जमत नाही. दृढीकरणाच्या आधीच्या त्या दिवसांत माझी जीभ कितीदा वळवळली. बिशपसाहेब विचारतील तेव्हा हो म्हण, एवढं तरी सांगू का? मान कशी झुकवायची तेवढं तरी? सकाळी खुर्ची दिसली की हात शिवशिवायचे. शेवटी यांनी ती खुर्ची गॅलरीत नेऊन तिच्यावर वाळत घालायचे कपडे टाकले. मी रोज सकाळी त्या वेळेला रुथीशेजारी जमिनीवर बसून नुसती प्रार्थना करायला लागले. शब्द सुचत नव्हते. मी म्हणायचे, प्रभो, ही तुझी आहे. मी तिला माझी समजून तयार करत होते. आता तू बघ. एवढं म्हणायला मला रोज नव्याने बळ लागायचं, आणि रोज ते मिळायचं. रुथीने वॉशिंग मशीनच्या मागे जाणं सोडलं. ती माझ्या खांद्याला टेकून बसायची.

तो रविवार आला. पादरीसाहेब आमच्या बाकाशी येऊन "जै मसीह की" म्हणाले आणि रुथीचा हात धरून तिला पुढे घेऊन गेले. ती रांगेत सगळ्यात शेवटी उभी होती. कमिटीतल्या एक-दोघांनी मान वळवली, हे मी पाहिलं. मी मनात म्हटलं, वळवा. बिशपसाहेब वयस्क, पांढऱ्या केसांचे, गुडघ्यांनी थकलेले. एकेक मूल पुढे येत होतं, गुडघे टेकत होतं, ते विचारत होते, मूल उत्तर देत होतं, ते डोक्यावर दोन्ही हात ठेवून प्रार्थना म्हणत होते. रुथी प्रत्येकाकडे मन लावून बघत होती. तिची वेळ आली. ती गुडघ्यांवर बसली. बिशपसाहेबांनी तिला नावाने हाक मारून विचारलं, तू प्रभू येशूला आपला तारणारा मानतेस का?

रुथी त्यांच्याकडे बघत राहिली. माझे ओठ उत्तराचा आकार घेत होते. मी ते दातांखाली दाबले. बिशपसाहेब थांबले. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, घाई केली नाही. मग ते खाली वाकले, आणखी वाकले आणि तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. आणि रुथीने, इतका वेळ सगळ्यांचं बघून तिला जे समजलं होतं त्याप्रमाणे, आपले दोन्ही हात उचलले आणि बिशपसाहेबांच्या पांढऱ्या डोक्यावर ठेवले.

कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. पादरीसाहेब एक पाऊल पुढे आले आणि तिथेच थांबले. कारण बिशपसाहेबांनी डोकं उचललं नाही. ते तिच्या हातांखाली वाकलेलेच राहिले आणि तसेच वाकून त्यांनी पूर्ण प्रार्थना म्हटली. शेवटचं आमेन म्हणून झाल्यावरही ते थांबले. तिने आपणहून हात काढले तेव्हा ते सरळ झाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कोण कुणाला आशीर्वाद देत होतं, हे मला सांगता येणार नाही, आणि मी ते सिद्धही करायला बसलेले नाही. मी एवढंच पाहिलं की दोन माणसं एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून होती आणि मला देवाच्या प्रतिमेबद्दल आणखी काही विचारायचं उरलं नव्हतं.

मग भाकर आली. रुथीच्या तळहातावर ठेवली गेली. तिने ती खाल्ली, प्याल्यातून घोट घेतला, बाहीने तोंड पुसलं. मी बाकावर सरकून तिच्यासाठी जागा केली, कारण ती आता धावत माझ्याकडे येणार, मला बिलगणार, हे मला ठाऊक होतं. ती वळली. माझ्याकडे पाहून हसली. आणि माझ्याकडे न येता, ज्यांचं त्या दिवशी दृढीकरण झालं होतं त्यांच्यासाठी राखलेल्या पुढच्या बाकावर गेली. तिथल्या मुलीने पदर आवरून घेतला, रुथी त्यांच्यात बसली आणि समोर बघू लागली. मी केलेली जागा रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून मी देवाचे आभार मानले.